इलेक्ट्रिक पिकअप स्वस्त करायची तर कात्री कुठे लावायची?

एप्रिल २०२५ मध्ये स्लेट नावाच्या नव्या अमेरिकन कंपनीनं आपली छोटी इलेक्ट्रिक पिकअप लोकांसमोर आणली, तेव्हा सगळ्यात जास्त बोललं गेलं ते तिच्या काचांबद्दल. दाराच्या काचा हातानं हँडल फिरवून वर-खाली करायच्या! शिवाय आत मोठा स्क्रीन नाही, स्पीकर नाहीत, रंग एकच आणि तोही करडा. एवढं काढून टाकलं म्हणूनच ती स्वस्त झाली, असा बहुतेकांचा समज झाला.

मला तो समज अर्धवट वाटतो. काचेची मोटर ही लाखोंच्या संख्येनं बनणारी, फार महाग नसलेली वस्तू आहे. ती काढून चारचाकीची किंमत हजारो डॉलरनं उतरत नाही. खरी कात्री दोन ठिकाणी लागते, आणि दोन्ही ठिकाणं बघणाऱ्याच्या नजरेआड असतात. एक म्हणजे जमिनीलगत बसवलेली बॅटरी, दुसरं म्हणजे गाडी जिथे बनते तो कारखाना. पैकी बॅटरीचा निर्णय आधी होतो आणि बाकीच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्याच्यामागून फरफटत येतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू, पण त्याआधी थोडं हवेबद्दल बोलावं लागेल.

पिकअपचा आकार हवेच्या दृष्टीनं वाईट असतो. पुढचा भाग उंच आणि सपाट, मग केबिन, आणि केबिनच्या मागे मालाचा हौदा म्हणजे एकदम खड्डा. हवा छपरावरून येते आणि त्या खड्ड्यावर विस्कटते. पेट्रोलच्या गाडीत हा दोष खपून जातो. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळजवळ नऊ किलोवॉट-तास (विजेच्या बिलावरचे नऊ युनिट) ऊर्जा असते, त्यामुळे टाकी थोडी मोठी केली की काम भागतं. विजेच्या गाडीत तीच उधळपट्टी बॅटरीच्या रूपानं विकत घ्यावी लागते, आणि ती महाग पडते.

आकडे मांडून बघू. मध्यम आकाराची, हौद्यासकट साधारण १,७०० किलोची एक पिकअप घ्या. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. चाकांच्या घर्षणाचा विरोध मात्र वेग वाढला तरी जवळपास तेवढाच राहतो. ताशी ६० किमीला दोन्ही विरोध जवळजवळ सारखे असतात. ताशी १०० किमीला एकूण विरोधातला तीन चतुर्थांश वाटा एकट्या हवेचा होतो. मोटरमध्ये आणि इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणाऱ्या यंत्रात) जाणारी थोडी ऊर्जा धरली, तर ५० किलोवॉट-तासांच्या बॅटरीवर ही गाडी ताशी ६० च्या संथ चालीनं सुमारे ४३० किमी जाईल, ताशी १०० नं सुमारे २३५, आणि ताशी १२० नं १८० च्या आसपास. गाडी तीच, बॅटरी तीच, फक्त पायाचा दाब वेगळा. कंपनी रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतराचा, एकच आकडा छापते, तेव्हा तो या तिन्हींतला कुठला हे विचारायला हवं.

(इथेच एका जुन्या समजुतीबद्दल: हौद्याचा मागचा फाळका खाली पाडून गाडी चालवली की हवा सरळ निघून जाते आणि ऊर्जा वाचते, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि बाहेरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की तो भोवराच मोडतो. हौद्यावर कापडाचं किंवा प्लास्टिकचं सपाट झाकण टाकणं हा त्यापेक्षा बरा उपाय.)

आता बॅटरी. रेंज वाढवायची तर मोठी बॅटरी घाला, हे उत्तर सोपं वाटतं आणि पहिल्या पिढीच्या इलेक्ट्रिक पिकअपनी तेच केलं. फोर्डची एफ-१५० लाइटनिंग २०२२ साली रस्त्यावर आली ती ९८ आणि १३१ किलोवॉट-तास अशा दोन बॅटऱ्यांत. वजन पावणेतीन टनांच्या घरात. जाहीर झाली तेव्हा सर्वांत साध्या मॉडेलची किंमत ४०,००० डॉलरच्या आत होती. दोन वर्षांच्या आत ती ५५,००० च्या वर गेली. जीएमसीची हमर ईव्ही तर चार टनांहून जड आणि त्यातली बॅटरीच तेराशे किलोच्या आसपास. म्हणजे एका छोट्या मोटारगाडीएवढं वजन फक्त बॅटरीचं.

या वजनाचं एक चक्र असतं, आणि ते समजलं की पुढचं बरंच समजतं. बॅटरी वाढली की वजन वाढतं. वजन वाढलं की स्प्रिंग, ब्रेक, टायर, चासी हे सगळं जास्त मजबूत लागतं. ते मजबूत केलं की आणखी वजन वाढतं. एवढं वजन पूर्वीच्याच चपळाईनं हलवायला मोठी मोटर लागते. मग खर्च वाढतो, रेंज थोडी घटते, आणि घटलेली रेंज भरून काढायला पुन्हा थोडी बॅटरी. हे चक्र उलटंही फिरतं, हीच स्वस्त गाडीच्या रचनेतली गोम आहे. बॅटरी लहान केली की स्प्रिंग हलके चालतात, ब्रेक लहान चालतात, मोटर लहान चालते. एका कपातीतून पाच कपाती आपोआप होतात.

पैशांचा हिशेबही मांडू. २०२४ साली जगभरातल्या बॅटरी पॅकची सरासरी किंमत, ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जाक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या वार्षिक पाहणीनुसार, दर किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होती. त्या दरानं १३१ किलोवॉट-तास म्हणजे सुमारे १५,००० डॉलर. स्लेटच्या मूळ बॅटरीची क्षमता आहे ५२.७ किलोवॉट-तास, म्हणजे सुमारे ६,००० डॉलर. नऊ हजारांचा फरक नुसत्या बॅटरीत पडला, वरचे हलके भाग वेगळेच. काचेच्या हँडलमधून एवढे पैसे वाचणं कधीही शक्य नाही.

याच्या बदल्यात काय सोडावं लागलं? कंपनीच्या अंदाजानं एका चार्जमध्ये १५० मैल, म्हणजे २४० किमी. जास्त पैसे मोजून ८४.३ किलोवॉट-तासांची बॅटरी घेतली तर २४० मैल, ३८५ किमी. २४० किमी हा आकडा ऐकून पुष्कळांचा चेहरा पडतो. रोज घरी परत येणाऱ्या आणि रात्री चार्जिंगला लागणाऱ्या गाडीसाठी तो पुरेसा आहे असं माझं मत आहे, पण त्याला एक मोठा अपवाद आहे: ट्रेलर.

अमेरिकेत पिकअप म्हटलं की दोन कामं डोळ्यांसमोर येतात, हौद्यात माल वाहणं आणि मागे ट्रेलर ओढणं. दोन्ही 'जड कामं' म्हणून एकाच दमात बोलली जातात. बॅटरीच्या दृष्टीनं मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

वरच्याच गाडीच्या हौद्यात ५०० किलो सिमेंट टाका. सपाट रस्त्यावर त्या वजनानं फक्त चाकांचं घर्षण वाढतं. ताशी १०० ला एकूण खर्चात सुमारे सात टक्क्यांची भर पडते, म्हणजे २३५ किमीची रेंज २२० च्या आसपास येते. बस, एवढंच. हवेला त्या सिमेंटचा पत्ताही लागत नाही, कारण ते हौद्याच्या भिंतींआड आहे. चढावर हिशेब थोडा बदलतो. माल धरून सव्वादोन टनांची गाडी ५०० मीटर उंच चढवायला साडेतीन किलोवॉट-तास जादा लागतात. पण उतारावर मोटरच जनित्र बनून त्यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते.

आता तेच सामान मागच्या उंच, चौकोनी, बंद ट्रेलरमध्ये घाला. ट्रेलरचं कपाळ गाडीच्या छपराच्या वर आणि बाजूंच्या बाहेर येतं. गाडी ज्या हवेतून वाट काढत होती तिच्याशेजारी आणखी एक भिंत उभी राहिली. महामार्गावर अशा ट्रेलरसह इलेक्ट्रिक पिकअपची रेंज साधारण निम्मी होते, आणि यात वजनापेक्षा ट्रेलरच्या आकाराचा दोष जास्त. म्हणूनच पूर्ण आकाराच्या पिकअपना अवाढव्य बॅटऱ्या द्याव्या लागल्या. निम्मी झाल्यावरही काहीतरी उरलं पाहिजे ना! डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनं केवळ बॅटरीवर चालणारी लाइटनिंग थांबवायचं ठरवलं आणि पुढच्या पिढीत बॅटरी चार्ज करणारं जनित्र गाडीतच बसवणार असल्याचं जाहीर केलं. लांब अंतरावर जड ट्रेलर ओढणं हा बॅटरीसाठी किती अवघड पेपर आहे, हे त्यावरून कळतं.

स्लेटनं हा पेपर सोडवायचाच नाही असं ठरवलं. गाडी जाहीर करताना हौद्यात आणि केबिनमध्ये मिळून ६५० किलो वाहायची क्षमता दिली, ट्रेलर मात्र ४५० किलोपर्यंतच. लाइटनिंग साडेचार टनांपर्यंत ओढते. दोन आकडे शेजारी ठेवले की स्लेट दुबळी वाटते. मला उलट हा या गाडीतला सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. जे काम बॅटरीला स्वस्तात जमतं ते ठेवलं, जे महागात पडतं ते सोडलं. ज्याला दर आठवड्याला बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर न्यायचा आहे त्यानं ही गाडी घेऊच नये. हे विक्रीपूर्वी स्पष्ट सांगितलं गेलं तर कुणाचीच फसगत होणार नाही.

वहनक्षमतेबद्दल अजून एक गोष्ट, जी खरेदीच्या वेळी सहसा कुणी सांगत नाही. गाडीच्या चासी-ब्रेक-टायरना मिळून एकूण वजनाची एक कमाल मर्यादा असते. रिकाम्या गाडीचं वजन त्यातून वजा करा, उरेल तेवढाच माल. मग बॅटरी मोठी घेतली तर? ५३ वरून ८४ वर जायचं म्हणजे बत्तीसेक किलोवॉट-तासांची भर, म्हणजे साधारण दोनशे किलो. मर्यादा तीच ठेवली, तर हे दोनशे किलो तुमच्या मालातून वजा होतात. मर्यादा वाढवायची तर मघाचं चक्र पुन्हा फिरायला लागतं. रेंज आणि माल एकाच वजनातून हिस्सा मागतात, आणि दोघांचंही समाधान करणारी गाडी स्वस्त राहत नाही.

लहान बॅटरीचे दोन तोटे मात्र झाकून ठेवता येणार नाहीत. पहिला चार्जिंगचा. बॅटरी किती वेगानं भरता येईल हे तिच्या आकारावर ठरतं. शंभर छोट्या बादल्या एकदम भरायला घेतल्या तर पन्नास बादल्यांपेक्षा दुप्पट पाणी तेवढ्याच वेळात भरलं जातं, तसं. म्हणून मोठी बॅटरी अर्ध्या तासात जास्त किलोमीटर कमावते आणि लहान बॅटरी कमी, रसायन एकच असलं तरी. स्लेटचा दावा २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर अर्ध्या तासाच्या आत जाण्याचा आहे. वाईट नाही. पण ५२.७ चे साठ टक्के म्हणजे ३२ किलोवॉट-तास, आणि महामार्गाच्या वेगानं त्यात १४०-१५० किमी होतात. म्हणजे लांबच्या प्रवासात दर दीड तासानं अर्ध्या तासाचा थांबा. एकदा-दोनदा चालेल, आठशे किलोमीटरच्या प्रवासात जीव मेटाकुटीला येईल.

दुसरा तोटा थंडीचा. पेट्रोलचं इंजिन इतकी उष्णता वाया घालवतं की केबिन फुकटात गरम होते. इलेक्ट्रिक गाडीत ती उष्णता बॅटरीतून विकत घ्यावी लागते. साधा विजेचा हीटर कडाक्याच्या थंडीत चार किलोवॉटपर्यंत खातो. तासभर गाडी चालवली की चार किलोवॉट-तास गेले. मोठ्या बॅटरीतून ते गेलेले जाणवत नाहीत. लहानीतून ते जवळजवळ वीस किलोमीटर असतात, शिवाय थंड बॅटरी स्वतःच कमी देते ते वेगळं. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणणारं यंत्र) बसवला तर हा खर्च बराच कमी होतो, पण हीट पंपाची किंमत, जादा व्हॉल्व्ह, जादा पाइप आले. दोन माणसांची छोटी केबिन इथे मदतीला येते: गरम करायची हवाच कमी.

बॅटरीच्या आतल्या रसायनाची निवड हाही एक सौदा आहे. सध्या मुख्यतः दोन पर्याय आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, जिला एनएमसी म्हणतात. आणि लोह-फॉस्फेटवाली, म्हणजे एलएफपी. एनएमसीच्या एक किलो सेलमध्ये साधारण २५० वॉट-तास मावतात, एलएफपीमध्ये १७० च्या आसपास. रेंजच्या मागे असलेल्याला एनएमसी हवीशी वाटते. पण एलएफपीत निकेल नाही, कोबाल्ट नाही. ती स्वस्त पडते, जास्त वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते आणि तापून पेट घेण्याचा धोकाही तिच्यात कमी. तिची खोड अशी की चार्ज ८० टक्के असो की ४०, व्होल्टेज जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे नेमकी किती शिल्लक आहे हे गाडीच्या संगणकाला ओळखता येत नाही. मधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करायला सांगतात ते यासाठी. थंडीत चार्ज होतानाही ती जास्त कुरकुरते.

रोज माल वाहणाऱ्या स्वस्त गाडीला एलएफपी जास्त शोभते असं मला वाटतं, कारण तिथे टिकाऊपणाला रेंजपेक्षा जास्त मोल आहे. मग स्लेटनं दक्षिण कोरियाच्या एसके ऑन कंपनीचे निकेलवाले सेल का निवडले? यातला बराच भाग रसायनाबाहेरचा आहे. जगातले बहुतेक सगळे एलएफपी सेल चीनमध्ये बनतात, आणि चिनी बॅटरी असलेल्या गाडीला, अमेरिकेत इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला तेव्हा मिळणाऱ्या केंद्रीय करसवलतीची दारं २०२४ पासून बंद होत गेली. फोर्डनं दुसरी वाट धरली. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीचं तंत्रज्ञान परवान्यानं घेऊन मिशिगनमधल्या मार्शल इथे स्वतःचा एलएफपी कारखाना काढला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलेली सुमारे ३०,००० डॉलरची मध्यम आकाराची इलेक्ट्रिक पिकअप याच बॅटरीवर आधारली.

मोटर कुठल्या चाकांना जोडायची? स्वस्त गाडीत एकच मोटर परवडते, म्हणजे पुढची चाकं किंवा मागची. पिकअपसाठी मागची बरोबर ठरतात: हौद्यात माल पडला की वजन मागच्या आसावर येतं, चाकांची पकड वाढते, आणि जेव्हा जोर लागतो नेमका तेव्हाच पकड मिळते. फक्त हौदा रिकामा असताना मागचा भाग हलका असतो. त्यात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणजे मागची चाकं आणखी हलकी. मोटरनं ब्रेक लावून वीज परत मिळवायची क्रिया त्याच हलक्या चाकांवर होते. ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर ती जपूनच करावी लागते, आणि थोडी वीज हातची जाते. चारही चाकांना जोर हवा तर पुढे दुसरी मोटर, दुसरा इन्व्हर्टर, दुसरा गिअरबॉक्स आला.

मागच्या सस्पेन्शनचं दुखणं जुनंच आहे. पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, माल भरल्यावर झकास, रिकाम्या गाडीत हाडं खिळखिळी करणारे. शिवाय इलेक्ट्रिक मोटर सरळ आसावर बसवली तर तिचं वजन प्रत्येक खड्ड्यात चाकांबरोबर आदळतं. प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन दिलं तर आराम मिळतो, पण भाग वाढतात आणि हौद्याखालची जागा जाते. स्लेटनं डी डिऑन नावाची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची जुळणी वापरली आहे. यात दोन्ही चाकांना जोडणारी भक्कम नळी असते, पण मोटर त्या नळीवर नसते, ती गाडीच्या सांगाड्याला टांगलेली असते. माल सोसायची ताकद टिकते आणि चाकांवरचं ओझं उतरतं. सव्वाशे वर्षांपूर्वीची कल्पना आजच्या अडचणीला इतकी चपखल बसलेली बघून मला मनापासून आनंद झाला.

आता कारखाना. मोटारीच्या कारखान्यात सगळ्यात जास्त ऊर्जा खाणारी जागा म्हणजे पेंट शॉप. धुणं, गंज रोखणारा थर, प्रायमर, रंग, चकाकीचा थर, मधूनमधून भट्ट्या, धूळ नसलेली हवा, बाहेर पडणाऱ्या वाफांवर प्रक्रिया. नव्या कंपनीला हे सगळं एक गाडी विकायच्या आधी उभं करावं लागतं. तीच गोष्ट पत्रे दाबणाऱ्या अजस्र प्रेसची आणि त्यांच्या साच्यांची. स्लेटनं बाहेरचे पॅनेल साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे केले. रंग प्लास्टिकच्या आतच मिसळलेला, म्हणून पेंट शॉप नको आणि मोठे प्रेसही नकोत. ज्याला रंग हवा त्यानं वरून पातळ विनाइलचं आवरण चिकटवावं. एकच रंग हा कंजूषपणा वाटतो, पण माझ्या मते या गाडीतली बॅटरीखालोखाल मोठी बचत इथेच आहे.

प्लास्टिकची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. उन्हानं ते पोलादापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा ५० अंशांच्या फरकानं अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतो, तर भराव घातलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा पॅनेल तीन मिलिमीटरच्या आसपास. दार उन्हाळ्यात अडकू नये म्हणून पॅनेलमधल्या फटी मुद्दाम रुंद ठेवाव्या लागतात. जनरल मोटर्सच्या सॅटर्न गाड्यांना, ज्यांतली पहिली १९९० साली बाहेर पडली, असेच प्लास्टिकचे पॅनेल होते आणि त्यांच्या रुंद फटींवर कायम टीका झाली. दुसरीकडे त्यांना पार्किंगमधल्या ठोकरीनं पोचा पडत नसे, आणि गंजण्याचा तर प्रश्नच नव्हता. कामाच्या गाडीला फट रुंद असली तरी चालते, पोचा मात्र रोजचा असतो. त्यामुळे हा सौदा मला पटतो.

फोर्डची वाट इथेही वेगळी. पुढचा आणि मागचा सांगाडा शेकडो भाग जोडून करण्याऐवजी मोठ्या एकसंध ओतीव तुकड्यांत करायचा. कंपनीच्या म्हणण्यानुसार नेहमीच्या गाडीपेक्षा २० टक्के भाग कमी, २५ टक्के नट-बोल्ट-रिव्हेट कमी आणि जुळणीचा वेळ १५ टक्के कमी. मात्र जोरदार अपघातात एवढा मोठा ओतीव तुकडा तडकला तर त्याचा अर्धाच भाग बदलणं अवघड. बनवताना वाचलेले काही पैसे असे विम्याच्या हप्त्यात परत जाऊ शकतात.

आणि हो, त्या काचा. हँडलचा खरा फायदा मोटरच्या किमतीत नाही, वायरिंगमध्ये आहे. गाडीभर पसरलेलं तारांचं जाळं हा गाडीतल्या महाग आणि जड भागांपैकी एक, आणि ते अजूनही मुख्यतः हातानं बांधलं जातं. दारात मोटर, स्विच, स्पीकर काही नाही म्हटलं की दारात जाणारा तारांचा जुडगाच बारीक होतो. फोर्डनं सांगितलं आहे की नव्या पिकअपमधलं वायरिंग त्यांच्या पहिल्या इलेक्ट्रिक एसयूव्हीपेक्षा १.३ किलोमीटरनं आखूड आणि १० किलोनं हलकं आहे. आखूड झालं म्हणजे मुळात ते किती लांब असेल याची कल्पना करा! त्याहून मोठा फायदा असा की सगळ्या गाड्या एकसारख्या असल्या की कारखान्यात चुकीचा भाग चुकीच्या गाडीला लागत नाही, गोदामात चाळीस प्रकारची दारं ठेवावी लागत नाहीत.

स्क्रीनच्या जागी मालकाचा स्वतःचा फोन, ही कल्पना मला फार आवडते. गाडी पंधरा वर्षं चालते, तिच्यातला स्क्रीन पाच वर्षांत म्हातारा होतो. कायद्यानं लागतं ते मात्र काढता येत नाही. अमेरिकेत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनाला मागचं दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा आहे, म्हणून चालकासमोर छोटा पडदा राहतोच. गाडी घसरू न देणारी यंत्रणा आणि एअरबॅगही आल्याच, आणि सप्टेंबर २०२९ पासून आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेकही. हा खर्च स्वस्त आणि महाग गाडीला जवळपास सारखाच येतो, म्हणून स्वस्त गाडीच्या किमतीत त्याचा वाटा मोठा दिसतो. तिथे कात्री लागत नाही, लागूही नये.

हौदा आणि केबिन यांच्या भांडणात स्लेटनं हौद्याची बाजू घेतली: दोन जागा, पाच फुटी हौदा, एकूण लांबी साडेचार मीटरच्या आत. फोर्डच्या मॅव्हरिक या छोट्या पिकअपनं २०२१ मध्ये उलट केलं होतं, चार दारं आणि साडेचार फुटी हौदा. बांधकामाचा प्लायवूड चार बाय आठ फुटांचा असतो. तो अशा छोट्या हौद्यात सपाट झोपत नाही, चाकांच्या कमानी आड येतात. मॅव्हरिकनं हौद्याच्या भिंतीत खाचा दिल्या, त्यांत लाकडाच्या पट्ट्या अडकवून प्लायवूड कमानींच्या वर ठेवता येतो आणि अर्धवट उघडा फाळका त्याला मागून टेकू देतो. खर्च जवळजवळ शून्य. स्लेटनं दुसरी सोय केली आहे: केबिनची मागची भिंत काढून, वर सुरक्षा-पिंजरा, एअरबॅग आणि मागची सीट बसवून पिकअपची पाच जणांची गाडी करता येते. यासाठी मूळ सांगाडा भिंतीशिवायही पुरेसा ताठ ठेवावा लागतो. म्हणजे जो कधीच सीट बसवणार नाही, तोही त्या ताठपणाचं थोडं वजन वाहतो.

शेवटी किमतीकडे. स्लेट जाहीर झाली तेव्हा '२०,००० डॉलरच्या आत' हा आकडा गाजला, पण तो ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत वजा करून काढलेला होता. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपली. वरचा हिशेब आठवा: गाडीची अख्खी बॅटरी सरासरी दरानं ६,००० डॉलरच्या आसपास पडते. गेलेली सवलत त्याहून मोठी होती. याचा अर्थ उद्या बॅटरी फुकट मिळाली तरी तो गाजलेला आकडा परत येत नाही, आणि आता बाकीची सगळी बचत कारखान्यातूनच काढावी लागणार. अमेरिकेत बाहेरून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के जकात आहे, त्यामुळे स्वस्त परदेशी पिकअपशी थेट सामना नाही, एवढाच कंपन्यांना दिलासा.

घेणाऱ्यानं मूळ किमतीवर थांबू नये. कोऱ्या गाडीला आपल्याला नक्की काय जोडावं लागेल ते कागदावर लिहावं: मोठी बॅटरी, स्पीकर, विजेच्या काचा, विनाइल, मागची सीट, हौद्याचं झाकण. प्रत्येकाची किंमत आणि वजन समोर मांडून बेरीज करावी. पैशांची बेरीज चार दारांच्या तयार पिकअपशेजारी ठेवून बघावी, आणि वजनाची बेरीज ६५० किलोंतून वजा करावी.